एकाच पट्ट्यात सगळे नांदतात कसे?

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी फोनवर वायफायची यादी उघडली, की शेजारपाजारची दहा-पंधरा नावं सहज दिसतात. त्यातले बरेच राउटर रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात. कानातले ब्लूटूथ इअरफोनही तिथंच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न तापवतो तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. पट्टा केवढा? २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ.

रेडिओ लहरी वाटून द्यायची जुनी रीत म्हणजे ज्याची त्याची जागा नेमून देणं. आकाशवाणी सांगलीला मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ दिलं, की त्या टापूत तिथं दुसऱ्या कुणी प्रक्षेपण करायचं नाही. मोबाइल कंपन्या लिलावात आपापले तुकडे घेतात. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन, म्हणजे पाळी, ठरते तसंच हे. फरक एवढाच, की पाणी पिकाला गेलं की संपलं. लहर वापरून संपत नाही. उलट जो क्षण कुणीच वापरला नाही तो कायमचा वाया जातो. म्हणून नेमून दिलेली जागा रिकामी पडून राहणं हे मला मोठं नुकसान वाटतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. शक्तीची मर्यादा पाळा आणि खुशाल वापरा. पाळी ठरवून देणारं वर कुणी नाही, तरी काम चालतं.

चालतं, कारण वायफाय आधी ऐकतं. चॅनल, म्हणजे पट्ट्यातला त्यानं निवडलेला तुकडा, मोकळा वाटला तरी राउटर लगेच बोलत नाही. तो स्वतःसाठी एक आकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतो आणि तेवढे ठोके मोजतो. आजच्या बहुतेक राउटरमध्ये एक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा. मधेच दुसरं कुणी बोलू लागलं तर मोजणी तिथंच थांबवतो आणि ते गप्प झाल्यावर उरलेले ठोके मोजतो. पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही, तर टक्कर झाली असं धरून पुढच्या वेळी आकडा साधारण दुप्पट मोठ्या मर्यादेतून निवडतो. म्हणजे गर्दी वाढली की जो तो आपणहून जास्त थांबतो! अनोळखी यंत्रांमध्ये एवढा समजूतदारपणा नियमानं बसवता आला, याचं मला फार अप्रूप आहे.

ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. क्लासिक ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३च्या आवृत्तीपासून ते वायफायनं अडवलेले चॅनल ओळखून टाळू लागलं.

घडी विस्कटते ती बहुतेकदा आपल्या सेटिंगमुळे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. कुणी मधला ३ निवडला, की त्याचं बोलणं १ आणि ६ दोघांनाही नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं. स्पीड वाढेल म्हणून चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ करणं तर दाट वस्तीत टाळावंच. २० ठेवा, आणि जमेल ती उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या.

तिथं जागा भरपूर आहे, पण त्यातल्या काही चॅनलांवर हवामानाची आणि इतर रडार आधीपासून आहेत. अनेक देशांच्या नियमांनुसार अशा चॅनलवर बसण्याआधी राउटरनं किमान मिनिटभर नुसतं ऐकायचं. नंतर कधीही रडारचा स्पंद कानी आला, तर १० सेकंदांत जागा सोडायची आणि अर्धा तास तिकडं फिरकायचं नाही.