250 की 300? स्वस्त टेलिझूम घेताना

18-55ची किट लेन्स लावून खंड्याचा फोटो काढला की फोटोत तळं येतं, फांदी येते, पलीकडचा विजेचा खांब येतो आणि खंड्या मात्र शोधावा लागतो. मग टेलिझूमची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सची, चौकशी सुरू होते. दुकानदार दोन खोकी समोर ठेवतो, एकावर 250 लिहिलेलं, दुसऱ्यावर 300. पैसे मोजून घ्यायचंच आहे तर मोठा आकडा का नको, असं कुणालाही वाटेल. हा आकडा म्हणजे लेन्सची सर्वांत मोठी फोकल लेंथ, मिलीमीटरमध्ये. तो नेमकं काय देतो, ते आधी बघू.

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडणारी प्रतिमा किती मोठी, याचं गणित सोपं आहे : वस्तूची लांबी गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. छोटा खंड्या साधारण 17 सेंटीमीटरचा. तो दहा मीटरवर बसलाय असं धरू. 55 मिलीमीटरला सेन्सरवर त्याची प्रतिमा एक मिलीमीटरही भरत नाही. कॅनन 1500डीसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिलीमीटर रुंद आणि त्यावर आडवे 6000 पिक्सेल, म्हणजे खंड्याच्या वाट्याला जेमतेम अडीचशे. 250ला तोच पक्षी सव्वाचार मिलीमीटरचा होतो आणि त्याला साडेअकराशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. डोळ्यातली चमक, चोचीवरचा पाण्याचा थेंब, सगळं यायला लागतं. 300ला? पाच मिलीमीटरच्या किंचित वर. म्हणजे 55वरून 250वर जाणं ही मोठी उडी, 250वरून 300 ही फक्त 20 टक्क्यांची वाढ. तेवढी तर पावणेदोन मीटर पुढे सरकूनही मिळते. अर्थात, खंड्या सरकू देत असेल तर.

आता त्या खोक्यांकडे. कॅननच्या डीएसएलआरबरोबर जोडीने विकली जाणारी 75-300 ही 1999ची रचना आहे आणि तिच्यात स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा, नाही. 55-250 आयएस एसटीएम 2013ची, तिच्यात ते आहे (नावातलं आयएस म्हणजे तेच). यातली गंमत अशी की, एसएलआर कॅमेऱ्याच्या बदलत्या लेन्समध्ये स्थिरीकरण जगात पहिल्यांदा आलं ते 1995मध्ये, आणि तेही कॅननच्याच एका 75-300मध्ये! स्वस्त भावंडाला मात्र ते कधीच मिळालं नाही.

ते नसलं तर काय बिघडतं? 250 मिलीमीटरला सेन्सरवरचा एक पिक्सेल शंभर मीटरवरच्या दीड मिलीमीटरएवढ्या जागेवर रोखलेला असतो. माणसाचा हात, कितीही घट्ट धरला तरी, सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. शटर उघडं असताना कॅमेरा केसभर वळला, तरी प्रतिमा कितीतरी पिक्सेल पुसली जाते. जुन्या फोटोग्राफरांचा ठोकताळा असा, की शटरचा वेळ एक भागिले फोकल लेंथ एवढे सेकंद ठेवायचा. तो 35 मिलीमीटर फिल्मच्या काळातला. आपला सेन्सर लहान, म्हणून 1.6ने गुणायचं. 250ला 1/400 सेकंद, 300ला जवळपास 1/500. भर उन्हात हे जमतं. वडाखालच्या सावलीत किंवा पावसाळी सकाळी जमवायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, 3200च्या पुढे न्यावा लागतो आणि पिसांच्या जागी दाणेदार रवा दिसतो.

स्थिरीकरणाच्या लेन्समध्ये हालचाल ओळखणारे जायरो सेन्सर असतात. कॅमेरा किती वेगाने आणि कुठे वळतोय हे त्यांना कळतं आणि त्यानुसार आतला काचांचा एक गट विद्युतचुंबकाच्या जोरावर आडवा सरकतो, प्रतिमा जागच्या जागी धरून ठेवतो. 55-250साठी कंपनीचा दावा साडेतीन स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं). दावे नेहमी थोडे कापूनच धरावेत, पण दोन स्टॉप जरी मिळाले तरी 1/400च्या जागी 1/100 चालतं आणि आयएसओ 3200चा 800वर येतो. 20 टक्के मोठ्या पण हललेल्या खंड्यापेक्षा थोडा लहान, धारदार खंड्या कधीही चांगला. म्हणून माझं मत सरळ आहे : स्थिरीकरण नसलेली टेलिझूम फुकट मिळाली तर घ्यावी, विकत घेऊ नये.

मात्र हे तंत्र फक्त आपल्या हाताची थरथर थोपवतं, पक्ष्याची नाही. भिगवणला उडणाऱ्या रोहितांच्या थव्यासाठी 1/1000च्या वरच जावं लागतं, तिथे स्थिरीकरणाचा उपयोग चौकट सांभाळण्यापुरता.

निकॉनवाल्यांनी खोक्यावरची अक्षरं एकेक करून वाचावीत. 2016ची त्यांची एएफ-पी 70-300 दोन रूपांत निघाली. दिसायला जुळी, फरक फक्त व्हीआर या दोन अक्षरांचा, म्हणजे निकॉनच्या भाषेतल्या स्थिरीकरणाचा, तीच हवीत. शिवाय डी3200, डी5100, डी7000 अशा जुन्या बॉडीवर ही लेन्स फोकसच होत नाही, आपोआप नाही आणि हातानेही नाही, कारण तिची फोकसची रिंग काचांना थेट जोडलेली नसून मोटरला नुसता इशारा देते.

दुसरा आकडा आहे तो एफचा. फोकल लेंथला त्याने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. 250 भागिले 5.6, म्हणजे सुमारे 45 मिलीमीटर. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी कॅननने 2023मध्ये आणलेली 55-210 टोकाला एफ 7.1 आहे, तिचा व्यास जेमतेम 30. क्षेत्रफळ काढलं तर खंड्याच्या अंगावरून आलेला प्रकाश पहिली लेन्स सव्वादोनपट जास्त गोळा करते. डीएसएलआरची फोकस यंत्रणा साधारण एफ 5.6 धरून बनवलेली असते. मिररलेसमध्ये सेन्सरच फोकस करतो, त्यामुळे एफ 7.1 चालून जातं आणि लेन्स 270 ग्रॅमची करता येते. गळ्यात अडकवून दिवसभर हिंडणाऱ्याला हा सौदा पटेल, संध्याकाळी जंगलात फिरणाऱ्याला नाही. आणि अभयारण्यात जिप्सीत शेजारी बसलेल्याची ती तोफ? 300 मिलीमीटर, एफ 2.8 : व्यास 107 मिलीमीटर. तेवढ्या रुंदीची निर्दोष काच घडवण्याचेच लाखो रुपये.

काचेचं आणखी एक दुखणं आहे. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे सगळे रंग एका ठिकाणी जुळत नाहीत, आणि फोकल लेंथ वाढेल तसा हा घोळ वाढतो. पांढुरक्या आकाशासमोरच्या काळ्या फांदीला जांभळी कड दिसते ती यामुळे. यावर उपाय म्हणून कॅननने 1969मध्येच 300 मिलीमीटरच्या लेन्समध्ये फ्लोराइटचं स्फटिक वापरलं. आजच्या परवडणाऱ्या लेन्समध्ये कमी अपस्करणाच्या, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेचं एखादं भिंग असतं. निकॉन त्याला ईडी म्हणतं, कॅनन यूडी. 75-300मध्ये ते नाही आणि 300च्या टोकाला ते जाणवतं. एफ 8 केलं की स्वस्त लेन्स बरीच सुधारते, कारण काचेच्या कडेचा खोडकर भाग झाकला जातो. उत्साहाने एफ 16पर्यंत जाऊ नये. तिथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो आणि एका बिंदूची सुमारे 21 मायक्रॉनची चकती होते. पिक्सेल आहे 3.7 मायक्रॉनचा.

हवेपुढे मात्र कुठल्याच लेन्सचं चालत नाही. ऊन तापलं की जमिनीवरून वर येणारे गरम-गार थर प्रकाशाला वेडावाकडा वाकवतात. दुपारी दोनशे मीटरवरचा हरीण स्वस्त लेन्समध्ये जितका मऊ दिसतो, तितकाच महागातही. अशा वेळी लेन्सला शिव्या घालू नयेत, सकाळी लवकर उठावं.

बजेट अगदीच कमी असेल तर वापरलेली 55-250 बघा, पण घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारून दुसऱ्या बाजूने आत डोकावा. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि ती काचेवरचा लेप खाते. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात कापडी बॅगेत, बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. त्याच्या वर सरकायला लागला, की जेल वाळवून पुन्हा ठेवायचं.