नवाच्या पाढ्यात बेरीज कायम नऊच येते?

आमच्या परभणीकडं पोरांना हमखास सांगतात: नवाच्या पाढ्यातल्या कोणत्याही संख्येचे अंक मिळवा, नऊच येणार. १८, २७, ३६… ९० पर्यंत अगदी खरं आहे. पण पाढा दहालाच संपतो असं कुणी सांगितलं?

परवा भाची ओसरीवर पाटी घेऊन बसली होती. नवाला अकरानं गुणलं, ९९ आले. मिळवले तर १८! "मामा, चुकलं का माझं?" चुकलं नव्हतं. पुढं १०८ ला पुन्हा नऊ, १८९ ला परत अठरा.

कारण साधं आहे. नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं. दशक एकानं वाढतो, एकक एकानं घटतो, बेरीज तीच राहते. ९० शी आलं की एककात शून्य; त्यातून काय काढणार? तिथं दशक नऊच राहतो, एकक एकदम नऊ होतो.

खरा नियम असा: अंकांच्या बेरजेला नवानं नि:शेष भाग जातो, मग ती ९ असो, १८ असो की २७ (९९९ बघा).

आणि नऊ काही जादूचा आकडा नाही, आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून त्याचा हा थाट. आठाच्या पटीत मोजलं असतं तर हाच मान साताला मिळाला असता.