औषध कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी : पद आणि कारकीर्द

औषधे शोधणाऱ्या, बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचा कारभार संचालक मंडळाच्या वतीने चालवणारा सर्वोच्च पगारी अधिकारी. बोलताना सगळे ‘सीईओ’च म्हणतात. कोणत्या संशोधनावर पैसा लावायचा, कोणते बंद करायचे, औषध कोणत्या किमतीला बाजारात आणायचे, कोणती कंपनी विकत घ्यायची, एखादी बॅच बिघडली तर माल परत मागवायचा की नाही, या सगळ्यांत शेवटचा शब्द त्याचा असतो.

पोलाद किंवा साबण बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाचीही कामे थोड्याफार फरकाने हीच. खरा फरक आहे तो काळाच्या हिशेबात. एखादा रेणू प्रयोगशाळेत हाती लागल्यापासून त्याची गोळी रुग्णाच्या हातात पडेपर्यंत सर्वसाधारणपणे १० ते १५ वर्षे जातात. माणसांवरील चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एक मान्यतेपर्यंत पोचते. सीईओ मात्र त्या खुर्चीत दहा वर्षे टिकला तरी पुष्कळ झाले. म्हणजे तो विकत असतो ती औषधे बहुधा आधीच्यांनी पेरलेली असतात, आणि त्याने पेरलेले उगवते तेव्हा खुर्चीत दुसराच कोणी बसलेला असतो. ही कारकीर्द मोजताना एवढे विसरले, तर श्रेय आणि दोष दोन्ही भलत्याच माणसाच्या नावावर जमा होतात.

कर्करोगावरील पेम्ब्रोलिझुमॅब ऊर्फ कीट्रूडा या औषधाचा प्रवास पाहावा. ते शोधले ऑर्गनॉन या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी. फ्रेड हसन प्रमुख असताना शेरिंग-प्लाउने २००७ मध्ये ऑर्गनॉन विकत घेतली आणि २००९ मध्ये शेरिंग-प्लाउच अमेरिकेतील मर्कच्या पोटात गेली. या उलाढालीत हे औषध मागे पडले, इतके की बाहेरच्या कोणाला तरी देऊन टाकायच्या यादीत त्याचे नाव गेले होते. पुढे प्रतिस्पर्धी कंपनीच्या त्याच धर्तीच्या औषधाचे चांगले निकाल दिसल्यावर कामाला पुन्हा वेग आला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२४ मध्ये त्याची वर्षाची विक्री २९ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. हसन तोवर केव्हाच पायउतार झाले होते.

पदाकडे नेणाऱ्या वाटा : या पदासाठी ठरलेली पदवी नाही की परीक्षा नाही. एकट्या मर्कच्या प्रमुखांची ओळ पाहिली तरी ते कळते. रॉय व्हॅजेलोस डॉक्टर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ होते. न्यू जर्सीत मर्कच्या आवाराजवळ त्यांच्या घरच्यांची लहानशी खानावळ होती आणि तिथे जेवायला येणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गप्पा कानांवर पडतच ते वाढले. १९७५ मध्ये ते संशोधनप्रमुख म्हणून कंपनीत आले आणि १९८५ ते १९९४ या काळात सर्वोच्च पदावर होते. त्यांच्यानंतरचे रेमंड गिलमार्टिन वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीतून थेट वर बसवले गेले. त्यानंतरचे रिचर्ड क्लार्क १९७२ मध्ये कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून लागले होते. क्लार्क यांच्या जागी २०११ मध्ये आलेले केनेथ फ्रेझियर हे वकील, आणि २०२१ पासूनचे रॉबर्ट डेव्हिस कंपनीचे वित्तप्रमुख होते. डॉक्टर, बाहेरचा व्यवस्थापक, कारखान्यातला माणूस, वकील, हिशेबनीस असा हा क्रम आहे. त्या त्या वेळी कंपनीचे दुखणे काय होते, हे बऱ्याच अंशी त्यावरून वाचता येते. फ्रेझियर यांना वर नेणाऱ्या गोष्टींत मर्कच्याच व्हायॉक्स या वेदनाशामकामुळे हृदयविकार झाल्याच्या आरोपांवरील हजारो खटल्यांत त्यांनी लढवलेला किल्ला ही मोठी होती.

इतरत्रही अशीच विविधता दिसते. फायझरचे अल्बर्ट बूर्ला आणि ॲस्ट्राझेनेकाचे पास्कल सोरिओ हे दोघेही पशुवैद्य. नोव्हार्टिसचे वसंत नरसिंहन डॉक्टर. वर्टेक्सची धुरा २०२० मध्ये हाती घेणाऱ्या रेश्मा केवलरमाणी मूत्रपिंडतज्ज्ञ. २०१७ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या प्रमुख झालेल्या एमा वॉल्म्स्ली सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायातून आल्या होत्या, आणि बड्या औषध कंपन्यांच्या पंक्तीत अशा पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

विक्रीची वाट जुनी आणि रुळलेली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनचे २०१२ ते २०२२ या काळातले प्रमुख ॲलेक्स गॉर्स्की सैन्यातून बाहेर पडल्यावर १९८८ मध्ये एमआर, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून लागले. बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळण्यातून एक गोष्ट शिकायला मिळते : डॉक्टर नवे औषध कशामुळे लिहितो आणि कशामुळे लिहीत नाही. मुख्यालयात बसून हे कळत नाही. या वाटेने आलेला माणूस पुढे विभागप्रमुख होतो, मग एखाद्या देशाच्या शाखेचा प्रमुख. तिथे त्याला प्रथमच विक्री, सरकारी दर, कामगार आणि नियामक असे सगळे एकत्र सांभाळावे लागते. ही पायरी चुकलेली माणसे फार थोडी.

संस्थापक-प्रमुखांची गोष्ट निराळी. रिजेनरॉन ही कंपनी लेनर्ड श्लायफर या मेंदूविकारतज्ज्ञाने १९८८ मध्ये काढली. तिचे पहिले औषध बाजारात यायला २००८ उजाडले. वीस वर्षे विकायला काही नाही आणि प्रमुख तोच! नेमलेल्या सीईओला एवढी मुदत कोणतेही संचालक मंडळ देणार नाही. मर्कमधून वयोमर्यादेमुळे निवृत्त झालेले व्हॅजेलोस १९९५ मध्ये याच रिजेनरॉनचे अध्यक्ष झाले.

संशोधनावरील निर्णय : सीईओचा सर्वांत मोठा अधिकार ‘थांबवा’ म्हणण्याचा. पण कित्येकदा हा शब्द त्याच्या आधी औषधच उच्चारते. जेफ्री किंडलर जुलै २००६ मध्ये फायझरचे प्रमुख झाले. ते पेशाने वकील. लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर कंपनी उभी होती आणि त्या गोळीचे पेटंट संपण्याचा दिवस जवळ येत होता. सगळी भिस्त टॉर्सेट्रॅपिब या नव्या औषधावर होती. चांगले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या या औषधावर जवळपास ८० कोटी डॉलर खर्च झाले होते आणि १५,००० रुग्णांवर चाचणी चालू होती. ३० नोव्हेंबर २००६ रोजी, गुरुवारी, किंडलर यांनी गुंतवणूकदारांसमोर या औषधाबद्दल मोठी आशा व्यक्त केली. चाचणीतील मृत्यूंचे आकडे ना त्यांच्यापाशी होते, ना कंपनीतल्या कोणापाशी. ते फक्त स्वतंत्र सुरक्षा समिती पाहू शकत होती. समितीने पाहिले : नवे औषध घेणाऱ्या गटात ८२ मृत्यू, दुसऱ्या गटात ५१. शनिवारी, २ डिसेंबरला, चाचणी थांबवल्याचे जाहीर झाले. सोमवारी शेअर सुमारे दहा टक्क्यांनी कोसळला आणि पुढच्याच महिन्यात १०,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली.

या औषधाचे काम किंडलर कंपनीत येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. तरी त्याचे अपयश त्यांच्याच नावावर लागले. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे : समिती स्वतंत्र होती आणि तिचे म्हणणे तत्काळ मानले गेले, म्हणून अनेक जीव वाचले. सीईओचा अधिकार जिथे संपतो ती ही जागा, आणि ती तशीच राहायला हवी.

पेटंटची मुदत अर्ज केल्या दिवसापासून साधारण २० वर्षे असते. त्यातली निम्मी चाचण्यांतच जातात. मुदत संपली की जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाच्या इतरांनी बनवलेल्या स्वस्त गोळ्या येतात आणि काही महिन्यांत विक्री ढासळते. हा खड्डा भरायला दुसऱ्या कंपन्या विकत घेणे हा बहुतेक प्रमुखांचा उपाय. किंडलर यांनी २००९ मध्ये सुमारे ६८ अब्ज डॉलरना वायथ ही औषध कंपनी घेतली आणि डिसेंबर २०१० मध्ये पद सोडले. लिपिटॉरचे पेटंट त्यानंतर वर्षभराने संपले. उलट २०१४ मध्ये फायझरनेच ॲस्ट्राझेनेका गिळायचा प्रयत्न केला, तेव्हा सोरिओ यांनी सुमारे ६९ अब्ज पौंडांचा प्रस्ताव फेटाळला. आमच्या प्रयोगशाळेत जे शिजते आहे त्याची किंमत याहून जास्त आहे, हा त्यांचा दावा होता आणि पुढच्या काळात तो खरा ठरला.

कारखाना आणि गुणवत्ता : बातम्यांत हा भाग कमी येतो, पण इथल्या चुकांनी माणसे मरतात. तपासनीस कारखान्यात येतो, नोंदवह्या उघडतो, यंत्रांमधली माहिती तपासतो. अमेरिकी नियामकाच्या तपासनीसाने ‘फॉर्म ४८३’, म्हणजे आढळलेल्या त्रुटींची यादी, हातात ठेवला, तर १५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते समाधानकारक नसेल तर वॉर्निंग लेटर येते, आणि त्यानंतर त्या कारखान्याचा माल अडू शकतो. उत्तरावर सही दुसऱ्या कोणाची असली, तरी चाचणीचे आकडे जुळवून लिहायची सवय कारखान्याला कशामुळे लागते, हे वरूनच ठरते. काही झाले तरी माल आजच निघाला पाहिजे, असा निरोप रोज खाली जात असेल, तर गुणवत्ता विभाग नावापुरता उरतो. रॅनबॅक्सीने २०१३ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणात खोटी माहिती आणि सदोष उत्पादन असे दोन्ही आरोप होते.

माल परत मागवण्याचे आदर्श उदाहरण जेम्स बर्क यांचे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात माणसे दगावली. दोष कारखान्याचा नव्हता. तरीही जॉन्सन अँड जॉन्सनच्या या प्रमुखाने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या आणि नंतर छेडछाड लगेच दिसेल असे नवे वेष्टन आणले.

किंमत आणि पोच : व्हॅजेलोस संशोधनप्रमुख असतानाच मर्कचे जनावरांवरचे जंतनाशक आयव्हरमेक्टिन आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वावर चालते, असे दिसू लागले होते. चावऱ्या काळ्या माश्यांमधून पसरणारा हा रोग. आधी असह्य खाज सुटते आणि पुढे डोळे जातात. औषध गुणकारी होते, पण ज्यांना ते हवे होते त्यांच्याकडे एक पैसाही नव्हता. सरकारांकडे आणि संस्थांकडे हात पसरून झाले, पैसे द्यायला कोणी पुढे येईना. शेवटी ऑक्टोबर १९८७ मध्ये व्हॅजेलोस यांनी जाहीर केले की लागेल तेवढे औषध, लागेल तितकी वर्षे, कंपनी फुकट देईल. मुदत न घातलेले हे वचन पुढच्या प्रत्येक प्रमुखाने पाळले. २०१३ मध्ये कोलंबिया या रोगातून मुक्त झालेला पहिला देश ठरला. जानेवारी २०२५ मध्ये नायजरच्या रूपाने आफ्रिकेतला पहिला देश मुक्त झाला, म्हणजे घोषणेनंतर ३७ वर्षांनी. सीईओच्या हातून होऊ शकणारे याहून मोठे काम प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला. त्याच औषधांसाठी मूळ कंपन्या १०,००० डॉलरहून अधिक घेत होत्या. हमीद स्वतः रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे बनवायला खर्च किती येतो हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. दुसऱ्या टोकाला मार्टिन श्क्रेली. डाराप्रिम ही १९५३ पासूनची गोळी त्यांच्या कंपनीने २०१५ मध्ये साडेतेरा डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली. ही दरवाढ स्वतः गुन्हा नव्हती. २०१८ मध्ये त्यांना झालेली सात वर्षांची शिक्षा वेगळ्याच आर्थिक फसवणुकीची होती. जेनेरिक स्पर्धा रोखल्याबद्दल मात्र २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना औषध व्यवसायातून आजन्म हद्दपार केले.

मोबदला : पगार रोख थोडा आणि शेअरच्या रूपात फार. शेअरचा हिशेब साधारणपणे तीन वर्षांच्या कामगिरीवर होतो. पंधरा वर्षांत पिकणाऱ्या कामाला तीन वर्षांची मोजपट्टी लावली, की दूरच्या संशोधनाला कात्री लागणे सोपे होते. हा दोष माणसाचा कमी आणि कराराचा जास्त.

व्यक्तिगत जबाबदारी : कंपनीला दंड झाला म्हणजे प्रमुख सुटला, असे नेहमीच होत नाही. बफेलो फार्माकल या छोट्या कंपनीचे अध्यक्ष डॉटरवाइक यांना सदोष औषध पाठवल्याबद्दल दोषी धरणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये योग्य ठरवले. त्या मालाशी त्यांचा थेट संबंध नव्हता, तरी लोकांच्या जिवाशी गाठ असलेल्या धंद्यात वर बसणाऱ्याने जबाबदारी घेतलीच पाहिजे, असे तत्त्व त्यातून रुजले. २०२० मध्ये इन्सिस या कंपनीचे संस्थापक जॉन कपूर यांना फेंटानिल या अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकाचा फवारा खपवण्यासाठी डॉक्टरांना लाच दिल्याच्या प्रकरणात साडेपाच वर्षांची कैद झाली.

काही हिशेब मात्र इतके लांबतात की ज्यांनी ते करायचे ती माणसेच उरत नाहीत. थॅलिडोमाइड हे गरोदर स्त्रियांनीही घेतलेले झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ ते नोव्हेंबर १९६१ या काळात विकले गेले. जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली. ते बनवणाऱ्या ग्रूनेंथाल कंपनीच्या प्रमुखाने पीडितांची जाहीर माफी मागितली ती ३१ ऑगस्ट २०१२ रोजी, श्टोलबर्ग गावात एका स्मारकाच्या अनावरणाच्या वेळी. ते औषध बाजारात होते तेव्हा माफी मागणारे हाराल्ड श्टॉक कंपनीत नव्हते. समोरची ‘बालके’ पन्नाशीची झाली होती. त्यांच्यातल्या अनेकांनी ती माफी घेतली नाही.