खाटेजवळची ट्रॅकिऑस्टॉमी : दूरगामी परिणाम

अतिदक्षता विभागातील रुग्णाला शस्त्रक्रियागृहात न नेता, त्याच्या खाटेवरच गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवण्याची क्रिया. नातेवाइकांच्या बोलण्यात ती ‘गळ्याला भोक पाडणे’ म्हणून येते. व्हेंटिलेटर बरेच दिवस लागणार असे दिसले की तोंडातली नळी काढून ही नळी बसवतात.

अमेरिकेतील शल्यचिकित्सक पास्क्वाले चाग्लिया यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे ही क्रिया खाटेपाशी आली. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्यांमधून सुई, सुईतून तार आणि तारेवरून छिद्र रुंदावणारी साधने, असा तिचा क्रम असतो. आतले दृश्य ब्राँकोस्कोपने, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या कॅमेऱ्याच्या बारीक नळीने, पाहता येते. मोठी चीर नसल्याने जखमेत जंतुसंसर्ग कमी होतो. अत्यवस्थ रुग्णाला व्हेंटिलेटरसह हलवण्याचा धोकाही टळतो.

नळी लवकर बसवली तर जीव वाचण्याची शक्यता वाढते का, याचा मोठा शोध ब्रिटनमधील ट्रॅकमॅन चाचणीने घेतला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ९०९ रुग्ण होते. एका गटाला पहिल्या चार दिवसांत नळी बसवायची होती. दुसऱ्या गटाला दहा दिवसांनंतर, तीही गरज उरली तरच. दोन वर्षांनी लवकरच्या गटातील ५१ टक्के आणि उशिराच्या गटातील सुमारे ५४ टक्के रुग्ण दगावलेले होते. हा फरक निर्णायक नव्हता. उशिराच्या गटात प्रत्यक्ष नळी बसवावी लागली ती केवळ ४५ टक्के रुग्णांना. म्हणून घाई न करण्याला आधार आहे. दोन्ही गटांतले निम्म्याहून अधिक मृत्यू पाहता, रुग्णाचे भवितव्य मुख्यतः मूळ आजार, वय आणि आधीची प्रकृती यांवर ठरते असेच म्हणावे लागते.

जगणे आणि पूर्वीसारखे जगणे यांतले अंतर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात दिसले. ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या किंवा तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेल्या १२६ रुग्णांपैकी वर्षाअखेर ५६ टक्के हयात होते. पण दुसऱ्याच्या मदतीवाचून वावरणारे फक्त ९ टक्के होते. सुरुवातीला, रुग्ण वर्षभर जगेल अशी अपेक्षा ९३ टक्के नातेवाइकांना होती, डॉक्टरांना मात्र ४३ टक्के रुग्णांबाबतच. ही दरी संमतिपत्रावर सही घेण्याआधीच बोलून कमी करायला हवी. ‘भोक पाडू का?’ एवढाच प्रश्न विचारणे कुटुंबावर अन्याय करणारे आहे. पुढचे वर्ष कसे जाऊ शकते, हे त्यांना कळलेच पाहिजे.

स्थानिक परिणामांत श्वासनलिका अरुंद होणे सर्वांत महत्त्वाचे. नळीभोवती श्वासनलिकेत फुगवलेल्या फुग्याचा दाब जास्त राहिला तर आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, तिथे जखम होते आणि ती भरताना नलिका आकसते. म्हणून हा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका ठेवतात. छिद्राजवळचे कडे मोडून आत वळल्यानेही नलिका अरुंद होते. त्रास कधी कधी काही महिन्यांनी उमटतो, आणि चढ चढताना लागणारी धाप, घशातला घरघराट यांना दमा समजून पंप सुरू होतो. गळ्यावर जुना व्रण असलेल्या माणसाला नव्याने धाप लागली, तर आधी श्वासनलिका तपासावी. फुग्याने रुंद करणे, लेझर किंवा अरुंद भाग कापून टोके जोडणे हे उपचार आहेत.

नळीसकट घरी आलेल्या रुग्णाची जबाबदारी घरच्यांवर येते. कफ सक्शनने ओढणे, आतली नळी धुणे, हवा दमट ठेवणे आणि नळी अचानक निघाली तर काय करायचे, हे सारे रुग्णालयातून निघण्याआधी स्वतःच्या हाताने करून शिकावे लागते. आवाज नसणे रुग्णाला फार खुपते. फुगा रिकामा ठेवता आला, तर बोलण्याची झडप बसवून आवाज परत मिळू शकतो.

खोकला जोरकस आणि गिळणे सुरक्षित झाले की नळी काढतात. छिद्र बहुधा आपोआप भरते. क्वचित ते उघडेच राहते व शिवावे लागते. काहींचा व्रण आत चिकटून घोट घेताना ओढला जातो.