पेरूच्या जेलीत पोटॅशियम सायट्रेट घालताय? मग रजिस्ट्रेशनचं आधी बघा

घरी जेली, सरबत करून विकणाऱ्या खानापूर, निपाणी साइडच्या बायकांचा प्रश्न सारखा येतोय, पोटॅशियम सायट्रेट वापरायला वेगळं परमिशन काढायला लागतंय काय? नाही. पावडरीला लागत नाही, खायचा माल करून विकताय त्याला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन लागतंय, मग पावडर घाला नाहीतर नका घालू.

हे म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पोटॅशियमवालं मीठ, खायच्या मालात घालायच्या पदार्थांच्या आयएनएस यादीत नंबर ३३२, पांढरी पावडर, चवीला खारट आणि मागनं जरा कडसर. काम आंबटपणा सांभाळायचं. पेरूच्या जेलीत लिंबू जास्त पडलं की पातेल्यातच कडेनं गोळे धरतात, बाटलीत ओतायला पण सवड देत नाहीत, तिथं थोडं सायट्रेट घातलं की जेली जरा सावकाश धरते. प्रोसेस्ड चीज वितळताना चरबी सुटू नये म्हणून पण घालतात, आणि सोडियम कमी ठेवायचं असेल तर सोडियम सायट्रेटच्या, म्हणजे ३३१ च्या जागी हेच. पण किडनीचा त्रास असलेल्यांना पोटॅशियम जपून लागतंय, गिऱ्हाइकानं विचारलं तर खरं सांगा. डबा घट्ट लावा, आमच्या खानापूरच्या पावसात माझ्या पावडरीचा एका रात्रीत दगड झालाय.

मुतखड्याच्या औषधात पण हेच असतंय म्हणून मेडिकलातली बाटली आणू काय विचारतात, अजिबात नको. फूड ग्रेड लिहिलेलं, लायसन्स नंबर असलेलं पाकीटच घ्या आणि बिल ठेवा.

आता अर्ज. एफएसएसएआयच्या मूळ २०११ च्या नियमात वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन, त्याच्या वर स्टेट लायसन्स असं होतं, पण फॉर्म भरताना फॉसकॉसवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर जी मर्यादा दिसेल तीच धरा. फॉसकॉस पोर्टलवर फॉर्म ए भरायचा, फोटो, आधारसारखं ओळखपत्र आणि जिथं माल बनतोय त्या जागेचा पुरावा जोडायचा. अडतंय ते ह्या जागेच्या पुराव्यातच. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टीची पावती दिरांच्या, अर्ज सुनेचा, मग ज्याच्या नावावर जागा आहे त्याचं संमतीपत्र आधीच करून ठेवा की, नाहीतर अर्ज परत येतोय. माल निपाणीत करून कोल्हापूरला विकत असला तरी जागा निपाणीची, म्हणजे अर्ज कर्नाटकातच.

सरकारी फी वर्षाला १०० रुपये धरून चाललेय, मला एका एजंटानं १५०० सांगितले होते, म्हणून पैसे देताना पोर्टलची पावती मागा. नियमानं ७ दिवसांत मंजूर, नामंजूर नाहीतर तपासणीची नोटीस येते, तपासणी लागली की ३० दिवस. लायसन्सवाल्यांना वर आणखी जागेचा नकाशा, मशिनरीची यादी, पाण्याचा रिपोर्ट असलं लागतंय.

रजिस्ट्रेशनचा नंबर १४ आकडी येतोय, तो बाटलीवर छापायचा. घटकांच्या यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर आणि त्याच्यापुढं आयएनएस ३३२ लिहायचं. आणि लेबल नुसतं मराठीत नाहीतर नुसतं कन्नडमध्ये चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदी पाहिजेच, मग खाली मराठी लिहा, कन्नड लिहा, दोन्ही लिहा.