लसीची रांग पुढे कधी सरकवायची?

फायझरच्या कोविड लसीची पहिल्या काळातली कुपी अंगठ्यापेक्षा मोठी नव्हती. आत 0.45 मिलिलीटर लस. त्यात 1.8 मिलिलीटर सलाइन घालायचं, कुपी हलक्या हाताने दहा वेळा उलटीसुलटी करायची (घुसळायची मात्र नाही) आणि 0.3 मिलिलीटरचा एकेक डोस काढायचा. सुरुवातीला एका कुपीत पाच डोस धरले होते. ज्या सिरिंजमध्ये कमी द्रव अडकून राहतो ती वापरली, की सहावाही निघायचा. सलाइन पडलं की घड्याळ सुरू. सहा तासांत कुपी संपवायची, नाहीतर उरलेली लस फेकायची.

आता समजा, संध्याकाळ झाली आहे. यादीतले दोघे आलेच नाहीत आणि कुपीत दोन डोस उरलेत. दारावरचा तिशीतला रखवालदार यादीत बसत नाही. त्याला टोचायचं की लस कचऱ्यात टाकायची? माझ्या मते टोचून मोकळं व्हावं, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी नियमांतही तशी सोय करण्यात आली. पण प्रश्न एका कुपीपुरता नाही. लस अपुरी असताना रांगेत आधी कोण, यावर भरपूर वाद होतात. पुढच्या गटाला दार केव्हा उघडायचं, हे त्याहून अवघड आहे आणि त्यावर बोललं जातं फार कमी.

आधी क्रमाचं गणित बघू. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या अभ्यासांनुसार, संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण वयाच्या पंचविशीत सुमारे 0.01 टक्का होतं, पंचावन्नाव्या वर्षी 0.4, पंचाहत्तरीत 4.6 आणि पंच्याऐंशीत 15 टक्के. पंचवीस आणि पंच्याऐंशी यांच्यात दीड हजार पटींचा फरक! संसर्गाची शक्यता सारखी धरली, तर एका पंच्याऐंशीच्या आजींना दिलेला डोस मृत्यू टाळण्याच्या हिशेबात पंचविशीतल्या दीड हजार जणांच्या डोसांइतका मोलाचा. म्हणूनच ब्रिटनने पहिल्या टप्प्यात नऊ गट ठरवले, ते मुख्यतः वयाच्या उतरत्या क्रमाने. टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी जवळपास 99 टक्के या नऊ गटांतच होतील, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणजे म्हातारे नेहमीच आधी? तसंही नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत 1957 च्या आधी जन्मलेल्या अनेकांच्या शरीरात जुन्या, मिळत्याजुळत्या विषाणूंमुळे काही प्रतिपिंडं आधीच होती. तेव्हा अमेरिकेने गरोदर स्त्रिया, आरोग्य कर्मचारी, तान्ह्या बाळांना सांभाळणारे आणि सहा महिने ते 24 वर्षांपर्यंतची मुलं-तरुण यांना पुढे घेतलं. विषाणू बदलला आणि रांग उलटी झाली. 2021 च्या जानेवारीत इंडोनेशियाने आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर 18 ते 59 वयोगटावर भर दिला. ज्येष्ठांमध्ये तिथे वापरली जाणारी लस किती चालते याची पुरेशी माहिती हाती नव्हती, हे त्यामागचं एक कारण होतं.

आता दाराकडे वळू. कुठल्याही गटातले पहिले बरेचसे लोक धावत येतात, मग ओघ आटतो. उरलेल्यांत कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी साशंक, कुणाला निरोपच पोहोचलेला नाही. हा गट शंभर टक्के होईपर्यंत पुढचं दार बंद ठेवलं, तर फ्रिज भरलेला आणि खुर्च्या रिकाम्या. घाईने उघडलं, तर उलटा घोळ: नोंदणीच्या संकेतस्थळावर ज्याची बोटं वेगाने चालतात त्याला तारीख मिळते आणि सत्तरीतले मागे पडतात. नोंदणी आटू लागली की दार उघडावं, पण आधीच्या गटासाठी काही जागा राखून ठेवाव्यात, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

निकष साधा असण्यालाही किंमत आहे. जन्मतारीख एका कागदावर दिसते, सहव्याधी मात्र सिद्ध करावी लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये शिक्षक आणि पोलिसांना आधी लस द्या, अशी मागणी ब्रिटनमध्ये जोरात होती. तिथल्या सल्लागार समितीने वयाचाच क्रम पुढे चालू ठेवला, कारण पेशा तपासत बसलं तर वेग जाईल. मला हे तेव्हा कठोर वाटलं होतं. आता पटतं. त्याच महिन्यात त्याच समितीने दुसरी एक चूक मात्र सुधारली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी आधी फक्त तीव्र स्वरूपाच्या व्यक्तीच प्राधान्यात होत्या. समितीने डॉक्टरांच्या नोंदवहीत असलेल्या सगळ्यांनाच सहाव्या गटात घ्यायला सांगितलं. अशा वेळी वेगळा कागद मागावा लागत नाही, नोंद तयारच असते.

पण कागदावर पहिलं असणं म्हणजे दंडात सुई जाणं नव्हे. ब्रिटनच्या यादीत पहिलं नाव वृद्धाश्रमांचं होतं. 8 डिसेंबर 2020 ला लसीकरण सुरू झालं ते मात्र रुग्णालयांत. लस उणे 70 अंशांत आणि 975 डोसांच्या खोक्यात येत होती. वीस-पंचवीस माणसांच्या वृद्धाश्रमासाठी ते खोकं आधी सुरक्षितपणे फोडून वाटता यायला हवं होतं.