मेंदूतील गाठ आणि उपचारोत्तर प्रतिकारक्षीणता

मेंदूतील घातक गाठीवर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी झाल्यानंतर रुग्णाच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, विशेषतः संसर्गाशी आणि गाठीशी लढणाऱ्या टी पेशी, कित्येक महिने कमी राहतात. या अवस्थेला उपचारोत्तर प्रतिकारक्षीणता म्हणतात. प्रौढांमधील ग्लिओब्लास्टोमा या अतिशय आक्रमक गाठीत ती ठळकपणे दिसते. तिचे खापर बहुधा औषधांवर फुटते. पण उपचार सुरू होण्याआधीच गाठीने प्रतिकारशक्तीला सुरुंग लावलेला असतो.

मेंदू प्रतिकारव्यवस्थेच्या आवाक्याबाहेर आहे, ही समजूत पीटर मेडावर यांच्या १९४८च्या त्वचारोपणाच्या प्रयोगांनंतर रूढ झाली. २०१५मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या सापडल्या आणि ती बरीच ढिली पडली. टी पेशी मेंदूत पोहोचतात, मात्र गाठ त्यांना तिथे काम करू देत नाही. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी टीजीएफ-बीटा हे दडपणारे प्रथिन सोडतात. गाठीच्या वस्तुमानाचा मोठा भाग मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशी आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी यांचा असतो. या पेशी शरीराच्याच असल्या तरी गाठीच्या सान्निध्यात तिच्या बाजूने वागू लागतात.

याहून विलक्षण गोष्ट २०१८मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडली. कोणताही उपचार न घेतलेल्या रुग्णांतही रक्तातल्या टी पेशी घटलेल्या आणि प्लीहा आक्रसलेली आढळली. पेशी मेल्या नव्हत्या. त्या अस्थिमज्जेत अडकून पडल्या होत्या. मज्जेतून बाहेर पडण्यासाठी टी पेशीच्या पृष्ठभागावर एस१पी१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) लागतो आणि तोच नाहीसा झाला होता. गाठ कवटीत असली तरी तिचा हुकूम हाडांपर्यंत चालतो, असाच याचा अर्थ.

त्यावर उपचारांची भर पडते. २००५पासून रूढ असलेल्या पद्धतीत सहा आठवड्यांत ३० सिटिंगमध्ये एकूण ६० ग्रे किरणमात्रा देतात, सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची गोळी आणि नंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस तीच गोळी जास्त मात्रेत. या जोडीने सरासरी (मध्यक) आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, म्हणून ती टाळण्याचा प्रश्न येत नाही. पण लिम्फोसाइट किरणांना फार नाजूक असतात. झोत डोक्यावरच असला तरी रक्त फिरते राहते. सिटिंगमागून सिटिंग शरीरातले जवळपास सगळे रक्त त्या झोतातून जाते आणि थोडीथोडी मात्रा घेते. टेमोझोलोमाइड मज्जेला दाबते. मेंदूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टी पेशींना आणखी लुळे करते. एरवी लिम्फोसाइट घटले की शरीर इंटरल्युकिन-७ हे त्यांना वाढवणारे प्रथिन वाढवून भरपाई करते. या रुग्णांत ती वाढ पुरेशी होत नाही असे आढळले आहे.

२०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ रुग्णांच्या अभ्यासात उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी ४० टक्के रुग्णांची सीडी४ (मदतनीस टी पेशी) संख्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरला २००च्या खाली गेली होती. एचआयव्हीच्या बाबतीत हीच पातळी धोक्याची मानतात. अशा रुग्णांचे मध्यक आयुर्मान १३.१ महिने होते, इतरांचे १९.७. बहुतेक मृत्यू जंतुसंसर्गाने नव्हे, तर गाठ पुन्हा वाढल्याने झाले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी टी पेशींचा तुटवडा हा केवळ सर्दी-तापाचा प्रश्न नाही, एवढे दिसते.

इंदुरात माळवा-निमाडातून, खंडवा-बुऱ्हाणपुराकडूनही रुग्ण येतात, एम.वाय. रुग्णालय हे त्यांचे मोठे सरकारी ठिकाण. 'सिकाई' (किरणोपचार) झाल्यावर घरी परतलेल्या रुग्णाचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजणीचा, कागद मराठी कुटुंबांत सगळेच वाचतात आणि नजर टोटल काउंटवर, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर, थांबते. इथेच फसगत होते. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणून एकूण पांढऱ्या पेशी नॉर्मल दिसतात. टोटल काउंट ९,००० आणि लिम्फोसाइट ६ टक्के असतील, तर प्रत्यक्ष लिम्फोसाइट ५४०च. प्रौढांत ते साधारण १,०००च्या वर हवेत. टक्केवारीने गुणून हा आकडा काढावा आणि डॉक्टरांना दाखवावा. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने कमी करू नये. अचानक बंद केल्यास सूज उसळते आणि शरीराची स्वतःची संप्रेरके तोकडी पडतात.

इंदुरातल्या राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर (मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) रात्र, अशी गर्दी या काळात रुग्णाने टाळलेली बरी. पण खरे संरक्षण औषधयोजनेत आहे: किरणोपचारासोबत गोळी चालू असताना न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गाविरुद्ध कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देतात आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी आधीच करतात. सुप्त क्षयरोग जागा होण्याची शक्यता आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावी लागते. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात देत नाहीत.

टी पेशींचा ब्रेक काढणारी औषधे इतर कर्करोगांत गाजली, पण पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमावर त्यांपैकी निव्होलुमॅबच्या ३६९ रुग्णांच्या चाचणीत ९.८ महिने आयुर्मान मिळाले, तुलनेच्या बेव्हॅसिझुमॅब या गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाला १०. सैन्यच नसेल तर ब्रेक सोडून काय होणार? २०१९मध्ये ३५ रुग्णांच्या छोट्या चाचणीत याच वर्गातले पेम्ब्रोलिझुमॅब दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी सुरू केले, तेव्हा ते फक्त नंतर देण्यापेक्षा आयुर्मान जास्त आढळले. मात्र शस्त्रक्रियेआधी सूज असते आणि सुजेवर डेक्सामेथासोन लागते. म्हणूनच अशा चाचण्यांत रुग्ण घेताना त्याचा स्टेरॉइडचा रोजचा डोस आधी पाहिला जातो.